प्रथम वर्षाचे मानवी जीवशास्त्र : रक्ताचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांच्याच रक्तावर घ्यावे का?

तासिकावाली :

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घ्यावा लागतो. त्यातून आमच्याकडे मानवी जीवशास्त्राची ओळख करून देणारा एका सत्राचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तो माझ्या वाट्याला आला. वर्गात ४८ विद्यार्थी असून बहुतेकांनी दहावीनंतर विज्ञान सोडलेले आहे. प्रयोगशाळेत चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक सहा आहेत, प्लास्टिकचा एक सांगाडा आहे आणि पाण्याचा नळ दुपारी बारानंतर कोरडा पडतो.

आतापर्यंतची प्रात्यक्षिके बरी झाली. गालाच्या आतील पेशी मिथिलिन ब्लूने रंगवून पाहिल्या, नाडी मोजली, पायरीवर तीन मिनिटे चढउतार करून ती पुन्हा मोजली. दिवाळीच्या आधीपासून कापूस वेचायला जाणाऱ्या मुलींची नाडी एका मिनिटात पूर्वपदावर आली आणि मोटरसायकलवर फिरणारे आमचे वीर बराच वेळ धापा टाकत राहिले, त्यामुळे तो तास सर्वांच्या लक्षात राहिला. लाळेतील अमायलेजचे, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या विकराचे, प्रात्यक्षिकही झाले. तेवढी एक गंमत सांगते. पुस्तकात तापमान ३७ अंश लिहिलेले असते आणि त्यासाठी पाणी तापवायचे उपकरण दिलेले असते, पण एप्रिलमध्ये आमच्या खोलीतच ४२ अंश होते आणि ते उपकरण पाणी गार करू शकत नाही. शेवटी माठातले पाणी घालून घालून ३७ वर आणले. दर मिनिटाला थेंब काढून आयोडीनमध्ये टाकल्यावर निळा रंग कधी उमटेनासा होतो, हे मुलांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले.

माझा खरा प्रश्न रक्ताविषयी आहे. अभ्यासक्रमात रक्तगट आणि हिमोग्लोबिन आहे, आणि 'स्थानिक आरोग्याशी निगडित एक प्रात्यक्षिक' शिक्षकाने निवडायचे आहे. आपल्या भागात सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तरोगाची) सोल्युबिलिटी चाचणी यापेक्षा निकटचे काय असणार, असे मला वाटले आणि मी तसा प्रस्ताव दिला. विभागप्रमुखांनी लगेच होकार दिला. नंतर मात्र माझाच हात अडखळतो आहे. लाळेची परखनळी कोणाची आहे याने काही बिघडत नव्हते, पण सिकलसेलची परखनळी वर्गासमोर गढूळ झाली, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आली, तर पुढे काय करायचे, याचे उत्तर माझ्या प्रात्यक्षिक वहीत नाही. जाणत्यांनी सांगावे.

जुनी_प्रयोगवही :

मॅडम, मी ३१ वर्षे प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. सिकलसेलकडे वळण्याआधी रक्तगटाविषयी बोलतो, कारण तो सर्वांना निरुपद्रवी वाटतो आणि तसा तो नाही.

आमच्या महाविद्यालयात भारनियमनाच्या काळात फ्रीज दिवसाचे दिवस बंद असे. रक्तगट ओळखण्याचे द्रावण, म्हणजे अँटिसेरा, २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो, हे मला ठाऊक होते आणि तरीही कुपीवरची मुदत संपलेली नाही एवढे पाहून मी वर्ग घेत राहिलो. एका वर्षी ओ गटाचे विद्यार्थी फारच निघाले. त्यातल्या एकाने खिशातून रक्तदानाचे कार्ड काढून दाखवले. त्यावर एबी होते आणि आमच्या काचपट्टीवर बी आले होते. ए गट ओळखणाऱ्या अँटि-एचा जोर गेलेला होता, त्यामुळे ए गटाचे ओ ठरत होते आणि एबीचे बी. त्या आधीच्या दोन बॅचेसना मी कोणते गट लिहून दिले असतील, याचा विचार आजही मनात येतो. तेव्हापासून माहितीतल्या ए, बी आणि ओ गटाच्या रक्ताचा एकेक थेंब आधी तपासल्याशिवाय मी काचपट्टी हातात दिली नाही, आणि वहीत 'हा निकाल उपचारासाठी वापरू नये' असे प्रत्येकाकडून लिहून घेतले.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट दाखवून दिले, पुढे त्यांची आनुवंशिकता कळली, आणि मग आमच्यासारखे शिक्षक उत्साहाने 'आईवडिलांचे गट विचारून या' असे सांगू लागले. मीही सांगितले. एका विद्यार्थ्याच्या आईवडिलांच्या दोन्ही कार्डांवर ओ लिहिले होते आणि त्याचा स्वतःचा गट ए आला. फळ्यावर मी नुकताच चौकट आखून 'ओ आणि ओ यांचे मूल ओच' असे लिहिले होते. तो एकोणीस वर्षांचा मुलगा फळ्याकडे पाहत राहिला. मी गडबडीने कार्डातली चूक असेल असे म्हणालो, आणि ते खरेही असू शकत होते. पण त्या क्षणी मला आठवायला हवा होता तो बॉम्बे रक्तगट. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत त्याचा शोध लावला. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी ज्याच्यावर घडतात ते एच प्रतिजनच नसते, त्यामुळे ए किंवा बीचे जनुक असूनही ते पेशीवर प्रकट होत नाही, साध्या चाचणीत गट ओ दिसतो, आणि मूल मात्र ए निघू शकते. त्या घरात खरोखर काय होते, हे मी शोधले नाही आणि शोधणे माझे कामही नव्हते. आईवडिलांचे गट मागवणे मी त्याच वर्षी बंद केले. चौकटी काल्पनिक कुटुंबांवर सोडवून घेतल्या.

लॅबवाला_भाऊ :

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. मॅडमनी सोल्युबिलिटी चाचणीचे नाव घेतले म्हणून तिची मर्यादा आधी सांगतो, कारण महाविद्यालयांत ती 'सिकलसेलची टेस्ट' या एकाच नावाने ओळखली जाते आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

चाचणी सोपी आहे. दोन मिलिलीटर द्रावणात बोटाचे २० मायक्रोलिटर रक्त टाकायचे. द्रावणातील सॅपोनिन पेशी फोडते, डायथायोनाइट हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते, आणि ऑक्सिजन गेला की एस प्रकारचे हिमोग्लोबिन त्या फॉस्फेटच्या द्रावणात विरघळत नाही. पाच मिनिटांनी परखनळी रेघा आखलेल्या कागदासमोर धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मात्र ही नळी एएस पॅटर्नमध्येही (एका पालकाकडून नेहमीचे ए आणि दुसऱ्याकडून एस, म्हणजे वाहक) गढूळ होते आणि एसएस पॅटर्नमध्येही (दोघांकडून एस, म्हणजे रुग्ण) होते. म्हणजे समोरची व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण आहे, हे या चाचणीने कळत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावीच लागते. तुमच्या वर्गात मात्र 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द ऐकू जाईल आणि संध्याकाळच्या एसटीत तोच गावापर्यंत पोहोचेल.

याची दुसरी बाजूही आहे. हिमोग्लोबिन (१०० मिलिलीटर रक्तामागे) ७ ग्रॅमच्या खाली असेल किंवा अलीकडे रक्त चढवलेले असेल, तर एस असूनही नळी स्वच्छ दिसू शकते. डायथायोनाइट हवेने आणि ओलाव्याने मरते, त्यामुळे जुन्या द्रावणातही तेच होते. अशा वेळी तुम्ही एखाद्या मुलीला 'तुला काही नाही' असे सांगून घरी पाठवता, आणि ती चूक मला गढूळ नळीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

टोचण्याविषयीही लिहितो. एक लॅन्सेट (बोट टोचण्याची सुई) एकाच बोटाला वापरावे, वापरलेले लॅन्सेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावे, काचपट्ट्या हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवाव्यात, आणि तो डबा महाविद्यालयाच्या उकिरड्यावर न टाकता जवळच्या रुग्णालयामार्फत पाठवावा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे स्पष्ट आहे. मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात सुया खिडकीबाहेर पडलेल्या होत्या आणि खाली शेळ्या चरत होत्या.

एएस_मी :

मी या धाग्यावर वेगळे मत मांडणार आहे. माझे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या सरांनी वर्गातच ही चाचणी घेतली आणि माझी नळी गढूळ झाली. सरांनी मला बाजूला नेले, पुढच्या आठवड्यात स्वतः सोबत येऊन इलेक्ट्रोफोरेसिससाठी नमुना द्यायला लावला, आणि एएस पॅटर्न असल्याचा कागद हातात आल्यावर तो वाचायला शिकवला. त्यानंतर माझ्या घरच्यांची तपासणी झाली. धाकटा भाऊ लहानपणापासून हातपाय दुखतात म्हणून रडायचा, त्याला वाताची औषधे दिली जात होती आणि अधूनमधून झाडपाला बांधला जात होता. तो एसएस निघाला. आज तो हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड घेतो आणि त्याचे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे.

त्यामुळे 'वर्गात नको' असे सहज म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की, मग कुठे? १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी विनामूल्य आहे, हे सर्व खरे आहे. पण शिबिराच्या दिवशी आमच्या गावातली माणसे धानाच्या बांधीत असतात. महाविद्यालयात मात्र अठरा वर्षांची मुले लग्नाच्या आधी आणि एकाच जागी सापडतात. सरांनी केवळ अभ्यासक्रम पूर्ण केला असता, तर माझ्या भावाचे निदान कधी झाले असते, ते सांगता येत नाही.

मोहफूल :

वरील प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले, कारण माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच उलटे घडले. तिच्या महाविद्यालयात अशीच चाचणी झाली. निकालाचा तक्ता प्रयोगशाळेच्या दारावर हजेरी क्रमांकासह लावला गेला. बहुधा नेहमीच्या सवयीने, कारण अंतर्गत गुणांचाही तक्ता तिथेच लागत असे. ती वाहक आहे, तिला कोणताही त्रास नाही आणि होण्याचे कारणही नाही. तरीही दोन वर्षांनी सोयरीक जुळत आली असताना समोरच्या घरातील कोणीतरी 'मुलीला बिमारी आहे' असे सांगितले आणि बोलणी थांबली. मुलाची तपासणी करून घ्यावी, तो एए, म्हणजे दोन्हीकडून नेहमीचे ए असलेला, असेल तर मुलांपैकी कोणालाही हा आजार होणार नाही, असे माझ्या वडिलांनी पदराआड न ठेवता सांगून पाहिले. मुलाची तपासणी करायला ते घर तयार झाले नाही. तपासणी मुलींचीच होते आणि डागही त्यांनाच लागतो, हे मॅडमनी लक्षात ठेवावे.

एएस_मी यांच्या सरांनी जे केले ते करणारे शिक्षक असतील तर माझी हरकत नाही. परंतु त्यांनी विद्यार्थ्याला बाजूला नेले होते, आमच्याकडे दारावर तक्ता होता, आणि प्रात्यक्षिकाचे नाव दोन्हीकडे एकच होते.

तासिकावाली :

सर्वांचे आभार. दोन शंका आहेत. माझे काही विद्यार्थी अजून अठरा पूर्ण झालेले नाहीत. त्यांची संमती पुरेशी आहे का? आणि वर्गासमोर 'मी नमुना देणार नाही' असे म्हणणे एखाद्या मुलीला खरोखर शक्य असते का? नमुना न देणारी व्यक्तीही नजरेत भरतेच.

जुनी_प्रयोगवही :

अठरा पूर्ण नसलेल्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, याविषयी दुमत नसावे. दुसऱ्या शंकेचे उत्तर तुम्हीच दिले आहे. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याने मागितलेली संमती ही पूर्ण मोकळी संमती नसते. गुण प्रात्यक्षिकाच्या नोंदीला द्यावेत आणि रक्त कोणाचे होते याचा रकानाच वहीत ठेवू नये.

मेळघाटातून :

आम्ही अमरावती जिल्ह्यात डोंगरात शिकवतो. आमच्याकडे हा वाद तीन वर्षे चालला आणि शेवटी आम्ही प्रात्यक्षिकाचे दोन तुकडे केले. चाचणी विद्यार्थ्यांवर घ्यायची नाही. किटसोबत येणारे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नियंत्रण नमुने, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, वापरून गढूळ नळी आणि स्वच्छ नळी दाखवायची, म्हणजे तत्त्व कळते आणि कोणाचे गुपित उघडे पडत नाही. सोबत विळ्याच्या आकाराच्या पेशींची कायमस्वरूपी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि ही विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, हे सांगितल्यावर 'रक्त सारखे कमी का होते' याचे उत्तर मुले स्वतः देतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे आले की एवढे सगळे घडते, हे कला शाखेच्या मुलांनाही पटते. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी बदलला, असे आम्ही सांगतो.

दुसरा तुकडा आनुवंशिकतेचा आहे, आणि त्यात गुंतवणूक फक्त दोन वाट्या तुरीची आहे. एक वाटी आईची, एक वडिलांची. दोन्ही वाहक मानून प्रत्येक वाटीत लाल आणि पांढऱ्या तुरीचे सारखेच दाणे घालायचे. लाल म्हणजे ए, पांढरा म्हणजे एस. डोळे मिटून दोन्हीकडून एकेक दाणा उचलायचा, जोडी लिहायची, दाणे परत टाकायचे. चार वेळा केले की चार मुलांचे एक कुटुंब झाले. 'चारपैकी एकाला आजार' हे वाक्य आमच्या गावांत असे समजले जाते की, पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली. वर्गातील सर्व कुटुंबे फळ्यावर मांडली की तो समज मोडतो. हिशेबाने पाहिले तर अशा शंभर कुटुंबांपैकी सुमारे ३२ कुटुंबांत एकही मूल एसएस नसते, सुमारे ४२ कुटुंबांत नेमके एक असते आणि उरलेल्या २६ कुटुंबांत दोन किंवा त्याहून अधिक असतात. प्रत्येक बाळंतपणात दाणा नव्याने उचलला जातो, हे एका मुलीने आमच्यापेक्षा चांगले समजावले होते. तिच्या घरी दोन एसएस भावंडे होती, हे आम्हाला नंतर कळले.

मग 'हा दोष इतक्या लोकांत टिकला कसा' असा प्रश्न येतोच. तेथे मलेरिया आणावा. वाहकाला फाल्सिपारम या गंभीर प्रकारच्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. राज्यातील मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्टीवर आहे, हे मुलांना वर्तमानपत्रातून ठाऊक असते, त्यामुळे दुवा जोडायला वेळ लागत नाही. आपल्या पूर्वजांच्या रक्तात हा बदल ज्या कारणाने टिकून राहिला, ते ऐकल्यावर माझ्या कोरकू विद्यार्थ्यांच्या मानेत आलेला ताठपणा मला आवडतो.

पांढरकवडा_एसटी :

तुरीची कल्पना उत्तम आहे. आम्ही सोयाबीन आणि तूर घेऊन ती करून पाहिली होती आणि फसलो, कारण बोटांना सोयाबीन लगेच कळतो आणि मुले मुद्दाम टाळतात. रंग वेगळा आणि आकार सारखा असणे आवश्यक आहे. पांढरी तूर मिळाली नाही तर शर्टाची दोन रंगांची बटणे घ्यावीत.

एक भाषेची अडचणही नोंदवतो. आमचे विद्यार्थी यूट्यूबवर हिंदीतून पाहून येतात. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि मराठीत पेशी म्हणजे ज्याला ते कोशिका म्हणतात ते. मागच्या परीक्षेत एकाने 'तांबड्या पेशी आकुंचन पावून हाताची हालचाल घडवतात' असे लिहिले, आणि त्याला शून्य देताना माझा हात थबकला. मी आता पहिल्याच तासाला दोन्ही भाषांतील शब्दांचा तक्ता भिंतीवर लावतो.

एएस_मी :

नियंत्रण नमुन्यांची कल्पना मला मान्य आहे, पण माझा प्रश्न तसाच राहतो. वर्गात तत्त्व शिकवले आणि घरी एसएस भाऊ तसाच झाडपाला बांधून बसला, तर त्या तत्त्वाचा उपयोग काय?

लॅबवाला_भाऊ :

यावर माझ्याकडे एक व्यवहार्य मार्ग आहे. प्रात्यक्षिकानंतरच्या आठवड्यात आरोग्य विभागाच्या तंत्रज्ञाला महाविद्यालयात बोलवावे, परंतु प्रयोगशाळेत नव्हे, वेगळ्या खोलीत आणि तासाच्या वेळेबाहेर. ज्याला जायचे तो जाईल, कोण गेले याची नोंद शिक्षकाकडे येणार नाही, आणि निकाल पुष्टी झाल्यानंतरच समुपदेशकाकडून त्या व्यक्तीला मिळेल. मुले आणि मुली दोघांनाही सारख्याच आग्रहाने सांगावे, हे मोहफूल ताईंच्या प्रतिसादावरून जोडतो. एसएस निघालेल्याला 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, हेही वर्गातच सांगून ठेवावे. लोहाची कमतरता सिद्ध झाली असेल तरच त्या द्यायच्या असतात.

तासिकावाली :

मी ठरवले ते येथे लिहून ठेवते, म्हणजे काही सुटले असेल तर सांगता येईल.

हिमोग्लोबिन साहली पद्धतीने, म्हणजे आम्ल घातलेल्या रक्ताचा रंग काचेशी जुळवून, घेऊ, परंतु फक्त माझ्या स्वतःच्या आणि प्रयोगशाळा सहायकांच्या रक्तावर. तपकिरी काचेशी रंग जुळवण्यात डोळ्यांचा फरक किती पडतो, हे ४८ जणांनी एकाच नमुन्याचे वाचन केले तर अधिक चांगले दिसेल. आज सकाळी रंगीत तालीम केली. सहायकांनी माझे ११ ग्रॅम वाचले आणि मी स्वतः १०. स्त्रियांसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात, म्हणजे उदाहरण म्हणून मी योग्यच निघाले. रक्तगटही आमच्या दोघांच्याच थेंबांवर, नियंत्रण नमुन्यांसह. सोल्युबिलिटी किटमधील नमुन्यांवर. त्यानंतर तुरीचे दाणे. तंत्रज्ञांच्या भेटीसाठी ग्रामीण रुग्णालयाला पत्र दिले असून ग्रंथालयाच्या मागची खोली मागितली आहे, कारण तिचे दार मागच्या अंगणात उघडते.

विभागप्रमुखांनी विचारले की, विद्यार्थ्यांनी स्वतःचे रक्त पाहिले नाही तर त्याला प्रात्यक्षिक कसे म्हणायचे. मी त्यांना या धाग्यातील दारावरच्या तक्त्याचा प्रसंग सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग पांढऱ्या तुरीसाठी किरकोळ खर्चातून पैसे मिळणार नाहीत एवढे सांगितले.

पांढरकवडा_एसटी :

पांढरी तूर आमच्या घरची आहे. किलोभर सोमवारच्या एसटीने वाहकाजवळ पाठवतो, स्थानकावर कोणालातरी उभे ठेवा.

मोहफूल :

त्या खोलीच्या मागच्या अंगणात महाविद्यालयाचे सायकल स्टँड नाही ना, तेवढे मात्र आधी पाहून घ्या.